देशांतर

महाराष्ट्रातून आमच्याकडे येणाऱ्या पंचांगाच्या अखेरच्या पानांत गावोगावचे अक्षांश-रेखांश देणारे एक कोष्टक असते. ते सहसा कोणी वाचीत नाही. आमची नोकरी राज्य शासनाच्या महसूल खात्यात, शेताचे बांध आणि गावांच्या सीमा मोजण्यात गेली. म्हणून असेल, पण नवे पंचांग हाती आले की राशिभविष्य सोडून आम्ही प्रथम तेच पान काढतो. उज्जैन : अक्षांश २३ अंश ११ कला, रेखांश ७५ अंश ४६ कला. पुणे : १८ अंश ३१ कला आणि ७३ अंश ५१ कला. एवढ्या चार आकड्यांवरून दोन्ही नगरांतील सरळ अंतर काढता येते. ते सुमारे ५५५ किलोमीटर भरते. सूर्य पुण्याच्या माथ्यावर उज्जैनपेक्षा साडेसात मिनिटे उशिरा येतो, हेही त्यातूनच कळते. जुन्या भाषेत सांगायचे तर एकोणीस पळे.

या कालभेदाला आपल्या ज्योतिषांनी 'देशांतर' असे नाव दिले. व्यवहारात आपण हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो. देशांतर म्हणजे परका मुलुख, घरदार सोडून दूर जाणे. धर्मशास्त्रात त्याचा आणखी तिसरा अर्थ आहे, त्याकडे पुढे येऊ. शिंदे, होळकर आणि पवार यांच्या मागून माळव्यात आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना या तिन्ही अर्थांशी कर्तव्य आहे. म्हणून हा हिशेब मांडण्याचे धाडस करीत आहोत.

भारतीय गणिताची मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते, हे सर्वश्रुत आहे. लंका, अवंती, रोहीतक, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी ती रेषा होय. यातील लंका म्हणजे आजचे श्रीलंकेचे बेट नव्हे. विषुववृत्त आणि उज्जयिनीची रेखा जेथे एकमेकांस छेदतात तो कल्पित बिंदू. तो आज नकाशावर पाहू गेल्यास भर समुद्रात पडतो. सहाव्या शतकात वराहमिहिर याच अवंतीत गणित करीत होता. पुढे हे गणित अरबांकडे गेले तेव्हा उज्जयिनीच्या नावाचा लिहिण्यातील गोंधळामुळे 'अरीन' असा अपभ्रंश झाला आणि युरोपातील मध्ययुगीन भूगोलात अरीन ही पृथ्वीच्या मध्यावरील एक नगरी म्हणून वावरत राहिली. आपल्याच गावाचे नाव इतके बिघडून इतक्या दूर गेलेले पाहून आम्हांस मोठी गंमत वाटते.

दक्षिणोत्तर अंतर काढण्यात आपले पूर्वज निष्णात होते. ध्रुवाची उंची मोजली की अक्षांश मिळतो. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावांत ध्रुवाच्या उंचीचा फरक किती आणि त्या गावांत योजने किती, एवढे कळले म्हणजे त्रैराशिकाने सबंध पृथ्वीचा परीघ हाती येतो. भास्कराचार्यांनी हा परीघ ४९६७ योजने दिला आहे आणि उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे असे म्हटले आहे. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. प्रत्यक्षात उज्जैन तेवीस अंशांच्या थोडे पुढे आहे. सोळा हा भाग सोपा म्हणून घेतला असावा. बाराव्या शतकातील, ११५० च्या ग्रंथातील हा आकडा आहे हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

परंतु पूर्वपश्चिम अंतराची गोष्ट वेगळी होती. तेथे ध्रुव उपयोगी पडत नाही. तेथे 'या क्षणी तेथे किती वाजले आहेत' हे कळावे लागते. आणि काळ एका गावाहून दुसऱ्या गावी वाहून नेण्याचे साधन त्या काळी कोणाकडेही नव्हते. दोन्ही गावांतून एकाच क्षणी दिसणारी एकच घटना होती, ती म्हणजे चंद्रग्रहण. उज्जयिनीच्या गणिताप्रमाणे स्पर्श अमुक घटिकांनी व्हावयाचा. आपल्या गावी घटिकापात्र पाण्यावर ठेवून मोजले तर तो अमुक घटिकांनी झाला. दोहोंतील फरकाला त्या अक्षांशावरील परिघाने गुणून साठाने भागले की योजने मिळतात. कल्पना निर्दोष आहे. अडचण हिशेबाची नसून डोळ्यांची आहे. पृथ्वीच्या छायेची कड धूसर असते. स्पर्श नक्की केव्हा झाला याविषयी शेजारी बसलेल्या दोघांचेही एकमत होत नाही. आणि आमच्या अक्षांशावर एका पळाची चूक म्हणजे दहा किलोमीटरांची चूक.

याचे एक उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. भास्कराचार्यांनी ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी 'करणकुतूहल' रचले. त्यात मध्यरेखेवरील स्थळांची जी नामावली आहे तीत कांची, पर्यली आणि वत्सगुल्म ही नावे उज्जयिनीच्या आधी येतात. वत्सगुल्म म्हणजे आपले वऱ्हाडातील वाशीम, आणि पर्यली म्हणजे परळी असे मानतात. आजच्या मोजणीने वाशीम उज्जैनच्या रेषेपासून पूर्वेस सुमारे १४० किलोमीटर भरते, म्हणजे चौदा पळांच्या आतबाहेर. परळी सात-आठ पळे, कुरुक्षेत्र अकरा पळे. कांची तर एकोणचाळीस पळे दूर. विशेष असे की ही सगळीच स्थळे पूर्वेकडे सरकलेली आहेत. भास्कराचार्यांच्या नातवाने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून ज्या पाटणे गावी मठ स्थापिला ते खानदेशात, चाळीसगावच्या जवळ. तेथून उज्जैन कितीसे दूर? तरीही ही चूक राहिली. आम्ही तिला अज्ञान म्हणणार नाही. दुसऱ्या नगरात या घटकेला काय चालले आहे हे जाणण्याचा मार्गच नव्हता, हेच तिचे कारण.

आता देशांतराचा तिसरा अर्थ. आप्त दूर देशी निवर्तला तर येथे सुतक किती धरावे, हा प्रश्न निबंधकारांपुढे वारंवार येई. त्यासाठी 'देशांतर' कशास म्हणावे हे ठरविणे भाग होते. स्मृतिवचने त्याच्या खुणा सांगतात : मध्ये महानदी असावी, पर्वताची आडकाठी असावी, किंवा जेथे वाणी बदलते तो प्रदेश असावा. काहींनी आकडेच दिले आहेत. कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. आणि एक लक्षण असे आहे की ते वाचून आम्ही थबकलो : जेथील वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर. ज्याने हे वचन रचले त्याला अंतराचे मर्म कळले होते असे आम्हांस वाटते. नदी आणि डोंगर हे निमित्तमात्र. खरे माप वार्तेचे.

पुण्याला ही कसोटी लावून पाहण्याचा प्रसंग आमच्या घरात एकदा आला. १९६९ चा पावसाळा असावा. आम्ही शाळेत होतो. आजोबांच्या चुलत बंधूंच्या निधनाचे, कोपरा फाडलेले कार्ड पुण्याहून आले ते अकराव्या दिवशी. आम्ही घर बदलले होते आणि कार्ड जुन्या पत्त्यावर पडून राहिले होते. अकरावा दिवस म्हणजे सुतकाची मुदत उलटलेली. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी फडताळातून पोथी काढली आणि ओटीवर बसून मोठ्याने विचार करू लागले. नर्मदा आहे, तापी आहे, विंध्य आहे, सातपुडा आहे. योजनांचा हिशेब मात्र जमेना. आज तो आम्ही करून पाहिला आहे. भास्कराचार्यांच्या परिघाप्रमाणे योजन सुमारे आठ किलोमीटरांचे धरले तर पुणे येथून एकोणसत्तर योजने, म्हणजे साठाच्या पलीकडे. आर्यभटाचे योजन बारा किलोमीटरांचे पडते. त्याने सेहेचाळीसच होतात. कोणाचे योजन धरावे यावर सुतक ठरावयाचे!

माजघरातून आजी म्हणाली, "अहो, नदी आहे, डोंगर आहेत, सगळं खरं. पण बोली कुठे बदलली?"

आजोबांनी पोथी मिटली. तीन रात्री सुतक धरले. आजीच्या त्या वाक्याचे उत्तर त्यांनी दिले नाही, आणि आमच्याकडेही ते अद्याप नाही. आमच्या नातवंडांची बोली बदलली आहे.

इतिहासात या दहा रात्रींनी केवढा अनर्थ केला, ते पानिपतावरून दिसते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज बुडाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी भाऊसाहेबांच्या मदतीसाठी दक्षिणेतून निघून माळव्यात आले होते. उत्तरेतून येणारा एका सावकाराचा कासद भेलसे येथे त्यांच्या हाती सापडला आणि त्याच्याजवळच्या पत्रातील सांकेतिक भाषेतून त्यांना सर्वनाशाची पहिली वार्ता कळली, तो दिवस २४ जानेवारीचा. पानिपत ते भेलसे हे सरळ अंतर साडेसहाशे किलोमीटर; कासदाची चाल दिवसाला पासष्ट किलोमीटर पडली. वाट सरळ नसते हे लक्षात घेतले तर पायी चालणाऱ्यांची ही गती विलक्षणच म्हटली पाहिजे. तरीही दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत पेशव्यांनी केलेले सर्व बेत, दिलेले सर्व हुकूम, अस्तित्वात नसलेल्या फौजेसाठी होते. सरकारी हरकाऱ्यांच्या आधी सावकाराचे पत्र पोचले, ही गोष्टही शासनात आयुष्य घालविलेल्या माणसास विचार करावयास लावणारी आहे. व्यापाऱ्याची डाक राज्याच्या डाकेहून चांगली होती. कारण त्याचे नुकसान पहिल्या तासापासून सुरू होई. शोकाने खचलेले नानासाहेब त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर वारले.

उज्जैन त्या काळी शिंद्यांची राजधानी होते. राणोजी शिंद्यांनी येथे ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. राज्यकारभाराच्या दृष्टीने मात्र ही राजधानी चमत्कारिक जागी होती. आज्ञा पुण्याहून यावयाची आणि काम दिल्लीकडे असावयाचे. महादजी शिंदे जून १७९२ मध्ये पुण्यास जाऊन पोचले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. ती वीस महिने दिल्लीचे राजकारण ते पत्रांवर चालवीत होते. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनवर चालून येऊन शिंद्यांच्या पलटणींचा फडशा पाडला, तेव्हाही दौलतराव दक्षिणेकडे होते. १८१० मध्ये त्यांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात नेली आणि पुणे-उज्जैन अंतराला राजकारणात काही अर्थ उरला नाही.

याच दरम्यान, १७९२-९३ मध्ये, विल्यम हंटर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ आग्र्याहून उज्जैनला आला. जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेच्या काठी बांधलेली वेधशाळा त्याने पाहिली आणि तिचे वर्णन लिहून ठेवले. पुढे ती वेधशाळा मोडकळीस आली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा व्यासंगी मराठी ज्योतिषी तिला लाभला. तेथील सम्राट यंत्राची छाया आजही उज्जैनचा खरा काळ दाखविते. भिंतीवर पाटी असते : घड्याळाशी मेळ घालावयाचा तर अमुक मिनिटे मिळवावीत. कारण आपले घड्याळ ८२॥ रेखांशाचे, म्हणजे उज्जैनच्या सूर्याहून सत्तावीस मिनिटे पुढे. एका गोष्टीने मात्र आम्हांस समाधान वाटते. मेघनाद साहा यांच्या पंचांग-सुधारणा समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी जे मध्यवर्ती स्थान ठरविले त्याचा रेखांश ८२॥ असला तरी अक्षांश २३ अंश ११ कला आहे. तो उज्जैनचा. अर्धा मान तरी राहिला.

विमानाचा विषय निघाला म्हणजे आम्हांस कालिदासाचा मेघ आठवतो. उज्जयिनीला आकाशमार्गाने आलेला तोच पहिला प्रवासी. वा. वि. मिराशी यांच्या मताप्रमाणे रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक. तेथून कैलासापर्यंतचे सरळ अंतर आम्ही काढून पाहिले, ते ११०० किलोमीटर भरते. विदिशा, उज्जयिनी, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल असा यक्षाने सांगितलेला मार्ग धरला तर ते १७५० च्या जवळ जाते. घाईचा निरोप, शापाचे चारच महिने उरलेले, आणि तरी साडेसहाशे किलोमीटरांचा फेरा! वाट वाकडी होईल हे यक्ष स्वतः कबूल करतो, पण उज्जयिनी पाहिल्याखेरीज जाऊ नकोस असा त्याचा आग्रह आहे. निरोप एवढाच की मी जिवंत आहे. काव्याच्या रसिकांनी आमच्या या मोजपट्टीबद्दल क्षमा करावी.

आगगाडीने यक्षाचाच कित्ता गिरविला. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडवा-इंदूर लोहमार्ग आणविला; तो मीटरगेज, घाटातून कुंथत चढणारा. आज पुण्याला जाणारी गाडी रतलाम, वडोदरे, सुरत, वसई असा पश्चिमेचा वळसा घेते. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या मार्गाची मागणी आमच्या वडिलांच्या पिढीपासून ऐकत आलो. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तो होईल तेव्हा गाडी प्रथमच कासदांच्या दिशेने धावेल. मंद गाडीचे उपकारही आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ मध्ये भीमबेटकाचे खडक रेल्वेच्या खिडकीतूनच दिसले. ते विमानात असते तर ती चित्रे आणखी किती काळ अंधारात राहिली असती कोण जाणे.

इंदूर संस्थानाने १९३५ मध्ये बिजासन टेकडीजवळची जागा विमानतळासाठी निवडली आणि १९३७ मध्ये टाटांची मुंबई-दिल्ली हवाई टपाल इंदूरवरून जाऊ लागली. आता इंदूरहून पुण्याचे विमान तास-सव्वा तासात पोचते. पण उज्जैनकराने ५५ किलोमीटर मोटारीने जावयाचे, दोन तास आधी हजर व्हावयाचे, लोहगावाहून पुन्हा शहरात यावयाचे. सगळे मिळून सहा तास होतात. त्यांतील आकाशातला भाग सर्वांत लहान.

मात्र चंद्रग्रहणाचे काम तारायंत्राने केव्हाच संपविले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय सर्वेक्षण खात्याने तारेच्या खटक्यांवरून गावांचे कालभेद ठरविले आणि वाशीम, परळी आपापल्या जागी जाऊन बसली. जी तार ज्योतिषाला काळ सांगे तीच घरोघर मृत्यूची वार्ता आणू लागली. १९६९ सालीही जवळच्या नात्यात तारच येई. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा कोणाला तिची गरज उरली नव्हती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमचे थोरले बंधू पुण्यात निवर्तले. महामारीचा तो सर्वांत वाईट महिना. पुतण्याचा फोन आला तेव्हा चार मिनिटे झाली होती. म्हणजे आमच्या दोन गावांच्या सूर्यांत जेवढे अंतर आहे त्याहून कमी. रस्ते बंद, येथे संचारबंदी, विमाने असून नसल्यासारखी. रुग्णालयाने देह घरी दिला नाही. अंत्यसंस्कार आम्ही हातातल्या लहानशा पडद्यावर पाहिले आणि दहा दिवस येथेच पाळले. पोथी उघडावी लागली नाही.

अस्थी पुतण्याने नोव्हेंबरात आणल्या, क्षिप्रेत विसर्जनासाठी. तो विमानाने येईल असे वाटले होते. तो मोटारीने आला, पहाटे निघून रात्री पोचला, तेरा तास लागले. आम्ही कारण विचारले.

"काका, बाबा खलघाटच्या पुलावर दर खेपेला गाडी थांबवून नर्मदेत नाणं टाकायचे," तो म्हणाला. "विमानातून ते कसं टाकणार?"